पुस्तकाने आपला खर्च काढावा, घराचा नव्हे

परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित केलं, की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, 'किती मिळाले रे?' आणि दुसरा, 'मग आता नोकरी कधी सोडतोस?' मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत, मुलांच्या वाढदिवसाला, भारतातून आलेल्या फोनवर, सगळीकडे हेच. विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण दोन्ही प्रश्नांमागे एक समजूत आहे, की लेखन 'यशस्वी' झालं म्हणजे ते पगाराची जागा घेणार. माझं मत बरोबर उलटं आहे. मराठीत स्वतः पुस्तकं काढून वर्षानुवर्षं लिहीत राहायचं असेल, तर पुस्तकावर घराचा भार टाकूच नये. पुस्तकाने स्वतःचा खर्च भरून काढावा, एवढीच अट घालावी. ती मात्र काटेकोरपणे पाळावी.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, दिवसभर काम सॉफ्टवेअरचं. गेल्या सहा वर्षांत दोन कथासंग्रह आणि एक छोटी कादंबरी स्वतः प्रकाशित केली. त्यामुळे हे मत हिशेबाच्या वहीतून आलेलं आहे.

आधी आकडेच पाहू. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं आली आणि आमच्यासारख्यांसाठी दार उघडलं. ई-पुस्तकाच्या किमतीतला ३५ किंवा ७० टक्के वाटा लेखकाला मिळतो. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट' योजनेत टाकावं लागतं, म्हणजे ९० दिवस ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेही विकायची नाही. आता शंभर रुपयांच्या पुस्तकामागे हातात साठ रुपये आले असं धरा. आमच्याकडे दोन खोल्यांच्या घराचं महिन्याचं भाडं पंधराशे पौंडांच्या आसपास, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या घरात. नुसतं भाडं निघायला महिन्याला जवळजवळ तीन हजार प्रती खपायला हव्यात, आणि तेही दर महिन्याला. मराठीत छापील पुस्तकाची आवृत्ती पूर्वापार हजार-अकराशे प्रतींची मानली जाते आणि तीसुद्धा संपायला कित्येकदा वर्षं लागतात. मग हे गणित कोणाच्या भरवशावर मांडायचं?

इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं तरी बरं चाललंय का? ब्रिटनमध्ये एएलसीएस ही लेखकांची संस्था उत्पन्नाची पाहणी करवून घेते. कामाचा निम्म्याहून जास्त वेळ लेखनाला देणाऱ्या लेखकांचं लेखनातून मिळणारं मध्यक उत्पन्न २००६ साली वर्षाला १२,३३० पौंड होतं. २०२२ मध्ये ते ७,००० पौंडांवर आलं. मध्यक म्हणजे निम्मे लेखक याहूनही कमी कमावतात. ज्या भाषेचा बाजार जगभर पसरला आहे, तिथे ही अवस्था आहे.

यावर उत्तर म्हणून केव्हिन केली यांच्या २००८ सालच्या 'हजार खरे चाहते' या लेखाचा दाखला दिला जातो. कलाकाराला लाखो ग्राहक नकोत, हजार निष्ठावान चाहते पुरेत, असं तो लेख सांगतो. कल्पना छानच आहे. पण त्यातला हिशेब वाचला का? प्रत्येक चाहत्याकडून वर्षाला १०० डॉलर नफा, तेव्हा कुठे वर्षाचे लाख डॉलर होतात. १०० डॉलर म्हणजे आठ हजारांहून जास्त रुपये. अडीचशे रुपयांचं पुस्तक दोन वर्षांतून एकदा काढणारा लेखक एका वाचकाकडून वर्षाला आठ हजारांचा नफा कसा मिळवणार? त्यासाठी कार्यशाळा, कोर्स, सदस्यत्व असं बरंच काही विकावं लागेल. ते करायला हरकत नाही, पण मग आपण आणखी एक नोकरी करतोय, हे उघड मान्य करावं.

दुसरं लाडकं उदाहरण अँडी वीअर यांचं. 'द मार्शियन' त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने टाकली, २०११ मध्ये किंडलवर ९९ सेंट्सला ठेवली, पुढे मोठ्या प्रकाशकाने घेतली आणि २०१५ मध्ये चित्रपट आला. हे सगळं खरं. पण त्याआधी नोकरी गेल्यावर सुमारे तीन वर्षं त्यांनी पूर्णवेळ लिहून पाहिलं होतं, ते पुस्तक प्रकाशकांपर्यंत पोचलं नाही आणि ते पुन्हा प्रोग्रामिंगकडे वळले, हा भाग कोणी सांगत नाही. 'द मार्शियन' लिहिली गेली ती प्रोग्रामरची नोकरी चालू असताना.

नोकरी करत उत्तम लिहिणाऱ्यांची आपल्याकडे काही कमी नाही. अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात ग्राफिक आर्टिस्ट म्हणून नावाजलेले होते. १९७६ साली त्यांची इंग्रजी 'जेजुरी' 'क्लिअरिंग हाउस'ने काढली. हे प्रकाशन त्यांनी स्वतः, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गिव्ह पटेल या कवी मित्रांबरोबर उभं केलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांच्या मराठी कवितांचं पुस्तक अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशन'ने आणलं. इकडे इंग्लंडमध्ये टी. एस. एलियट १९१७ ते १९२५ लॉइड्स बँकेत नोकरीला होते. आणि लंडनच्या रिचमंडमध्ये व्हर्जिनिया आणि लेनर्ड वूल्फ यांनी १९१७ मध्ये हातयंत्रावर छापखाना सुरू केला. पहिलं पुस्तक म्हणजे दोघांची एकेक कथा, प्रती फक्त दीडशे. याच 'होगार्थ प्रेस'ने १९२३ मध्ये बँकेतल्या एलियट यांची 'द वेस्ट लँड' छापली. यांच्यापैकी कोणालाही आज आपण 'हौशी' म्हणत नाही.

मात्र नोकरी आहे म्हणून सगळं आपोआप जुळतं असंही नाही. पैशांचा प्रश्न नोकरी सोडवते, वेळेचा प्रश्न तीच निर्माण करते. मी मंगळवारी आणि गुरुवारी रात्री नऊ ते अकरा आणि शनिवारी सकाळी अडीच तास लिहितो. आठवड्याचे साडेसहा तास. सुट्ट्या, आजारपणं, पाहुणे वजा जाता वर्षाचे चव्वेचाळीस आठवडे धरले, तर तीनशे तासही होत नाहीत. तासाला दोनशे शब्द आणि त्यातले निम्मे पुढे खोडले जातात. म्हणून माझं पुस्तक दोन वर्षांनी येतं. दर तीन महिन्यांनी पुस्तक काढा, नाहीतर वाचक विसरतील, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो वेग माझ्या घरात बसत नाही आणि मला तो लेखनाला मानवणाराही वाटत नाही.

शिवाय हे तास हवेतून येत नाहीत. माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्या शिफ्ट असतात, घरात पाच वर्षांची मुलगी आहे. मी शनिवारी सकाळी दार लावून बसतो, तेव्हा तो वेळ कोणीतरी दिलेला असतो. म्हणून शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ तिची, हे फ्रिजवर लिहून ठेवलंय. मागच्या वर्षी टीम लीडची जागा चालून आली. पगार बराच वाढणार होता, पण रात्री-अपरात्री फोन आणि महिन्यातून एक आठवडा पूर्ण ऑन-कॉल. दोन संध्याकाळी आम्ही बसून बोललो, कारण तो पैसा माझ्या एकट्याचा नव्हता. शेवटी नको म्हटलं. त्यामुळे स्वतःच्या घराचा बेत दोन वर्षं पुढे गेला. लेखनाची खरी किंमत ही असते, छपाईचा खर्च त्यामानाने किरकोळ. ती किंमत घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलेली असावी, एवढंच माझं म्हणणं.

आता त्या काटेकोर अटीबद्दल. पुस्तकाने स्वतःचा खर्च काढायचा, तर आधी खर्च करायला हवा. स्वप्रकाशन म्हणजे प्रकाशक नसणं. संपादक नसणं नव्हे. माझ्या दुसऱ्या संग्रहाला संपादन आणि मुद्रितशोधनाचे ३२ हजार, मुखपृष्ठाचे १० हजार, मांडणीचे ८ हजार आणि पुण्यात तीनशे प्रती छापायचे २७ हजार, असे ७७ हजार रुपये लागले. दोन वर्षांत छापील प्रतींतून ५० हजार आणि ई-पुस्तकातून २९ हजार परत आले. दोन हजार उरले, त्यात मित्रांना चहा पाजला. पगाराच्या तुलनेत हे हास्यास्पद आहे. पण पुढच्या पुस्तकाचं भांडवल पुन्हा जमा झालं, म्हणजे तिसरं पुस्तक काढताना मला घरात कोणाची परवानगी मागावी लागली नाही. टिकाऊ म्हणतात ते यालाच.

मुद्रितशोधनावर एवढा जोर का, तर देवनागरीच्या अडचणी आपल्या आपल्याच. पुण्या-मुंबईत मांडणी करणारे अनेकजण अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम करतात. आपली युनिकोड फाइल तिकडे गेली, की रूपांतरात जोडाक्षरं तुटतात, 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' बिघडतो, रफार भलत्या अक्षरावर जातो. म्हणून रूपांतरानंतर पुन्हा एकदा पूर्ण वाचन हवंच, आणि ते लेखकाने करू नये. लेखकाच्या डोळ्यांना पानावर जे असायला हवं तेच दिसतं. ज्यांना खर्च वाचवायचाय त्यांच्यासाठी एक माहिती: भारतात आयएसबीएन क्रमांक सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो, ब्रिटनमध्ये तो विकत घ्यावा लागतो. आणि तुम्ही वर्क व्हिसावर असाल, तर एक पौंड कमावण्याआधी नियम नीट तपासा, गरज पडली तर वकिलाला विचारा.

माझ्या मतावर एक आक्षेप रास्त आहे. 'तुझा पगार पौंडांत आहे, म्हणून तुला हे सुचतं. जे महाराष्ट्रात लेखणीवरच जगतात, अनुवाद करतात, मुद्रितं तपासतात, त्यांनी काय करायचं?' खरं आहे. आणि म्हणूनच आमच्यावर जबाबदारी जास्त येते. पोटाची चिंता नसलेल्या माणसाने 'मला कुठे पैसे हवेत' म्हणत पुस्तक फुकट वाटलं, की मराठी पुस्तक फुकटच मिळतं ही सवय आणखी पक्की होते. त्याची झळ मला बसत नाही, लेखणीवर जगणाऱ्याला बसते. तसंच, ओळखीतल्या निवृत्त शिक्षिकेकडून 'जरा नजर टाका' म्हणत दोनशे पानं तपासून घेणं हे प्रेम नव्हे, फुकटची मजुरी आहे. पुस्तकाला रास्त किंमत लावा, संपादकाला ठरलेले पैसे वेळेवर द्या. निदान एवढं तरी पौंड-डॉलरवाल्यांना नक्की परवडतं.

वाचकांकडेही एक मागणं आहे. पुस्तक आलं की व्हॉट्सॲपवर पहिला निरोप येतो, 'अभिनंदन! पीडीएफ पाठव ना.' मंडळी, ती पीडीएफ तीन गटांत फिरली, की माझ्या हिशेबातल्या दोन वर्षांची तीन होतात आणि एखाद्याचं पुढचं पुस्तक येतच नाही. आपण इथे एका कॉफीला साडेतीन-चार पौंड देतो. मराठी ई-पुस्तक त्याहून स्वस्त पडतं. भारतातून येताना बॅगेत तेवीस किलोंची मर्यादा असते हे मान्य, पण चकलीच्या डब्याशेजारी दीडशे पानांचं एक पुस्तक मावतं. वाचून झाल्यावर आवडलं नाही तर तसंही कळवा, लेखकाला त्याचा उपयोग होतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी स्वतः पुस्तक काढलेलं दिसलं, तर नोकरी कधी सोडणार हे विचारू नका. पुढचं पुस्तक कधी येतंय, हे विचारा.