पोस्टाने येणारी डिग्री

परवा माझी मावसबहीण चामोर्शीहून मुंबईत आली. पहिल्यांदाच. मरीन ड्राइव्ह झालं, फॅशन स्ट्रीटवर घासाघीस झाली आणि मग वडापाव खात आम्ही ओव्हल मैदानाच्या कट्ट्यावर टेकलो. समोर राजाबाई टॉवर. टोकापर्यंत बघताना मान दुखावी असा, 280 फूट!

‘‘ताई, हे चर्च होय का?’’

‘‘नाही गं, युनिव्हर्सिटी.’’

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘‘म्हणून तर मी कॉन्व्होकेशनला जात नाही. डिग्री पोस्टाने येतेच ना. आमच्याकडे काऊन जायचं, असा टॉवर थोडीच आहे?’’

तर मंडळी, घरातली पहिली ग्रॅज्युएट मुलगी टॉवर नाही म्हणून स्वतःच्या पदवीदानाला दांडी मारणार होती. मास कॉमची डिग्री अशा वेळी कामाला येते. मी सुरू झाले.

मुंबई विद्यापीठ 1857 सालचं. पण सुरुवातीला त्याला स्वतःचं छप्परच नव्हतं, कारभार टाऊन हॉलमधून चालायचा. कॉन्व्होकेशन हॉल पूर्ण झाला 1874 मध्ये आणि लायब्ररी-टॉवर 1878 मध्ये. म्हणजे पदव्या आधी, दगड नंतर! पैसा दिला इथल्याच शेठ लोकांनी. हॉलसाठी कावसजी जहांगीर, लायब्ररी आणि टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद. राजाबाई ही प्रेमचंद शेठची आई.

आर्किटेक्ट जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. या साहेबाने लंडनला बसून नकाशे काढले, मुंबईत पाऊलही ठेवलं नाही. आजच्या भाषेत, वर्क फ्रॉम होम! स्टाइल गॉथिक, मध्ययुगीन युरोपातल्या चर्चची. तिची गंमत टोकदार कमानीत आहे. गोल कमानीपेक्षा ही कमान भार बाजूला कमी ढकलते, खाली जास्त उतरवते. त्यामुळे इमारत उंच नेता येते आणि भिंतीत मोठाल्या खिडक्या काढता येतात. हॉलच्या गोल खिडकीत तर रंगीत काचांच्या बारा राशी आहेत. म्हणजे बहिणीचा अंदाज अगदीच चुकला नव्हता.

‘‘पण ते वर माणसं कोण उभी आहेत?’’ तिची नजर तीक्ष्ण. टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जाती-जमातींचे 24 पुतळे आहेत. ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्याच इंजिनिअरने. साचा विलायती, माणसं आपली. 2018 मध्ये हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

बहीण बराच वेळ वर बघत राहिली. ‘‘आपल्या टॉवरवर कोण राहील मग?’’ आणि तिनेच यादी केली. मोहफुलं वेचणारी बाई. तेंदूपत्त्याची पुडकी बांधणारे हात. वैनगंगेत जाळं टाकणारा ढिवर. गोंडी बोलणारी आजी. ‘‘आणि मार्कंड्याच्या देवळासारखं कोरीवकाम. त्याच्यासाठी लंडनचा साहेब कायले पाहिजे?’’

मला एकदम आमच्या आया आठवल्या. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ आलं 2011 मध्ये. त्याआधी आमची कॉलेजं नागपूरला जोडलेली. सिरोंच्याच्या मुलीने मार्कशीटमधली एक चूक दुरुस्त करायची, तर जाऊन-येऊन दोन दिवस मोडायचे. माझ्या आईची डिग्री पोस्टानेच आली आणि तशीच पेटीत गेली. टाळ्या नाहीत, फोटो नाही.

‘‘तुझं विद्यापीठ गडचिरोलीत आहे,’’ मी म्हटलं, ‘‘घरापासून एका एसटीवर. मावशीला घेऊन जा.’’

ती काहीच बोलली नाही. मी पण विषय सोडला.

काल ऑफिसात डेडलाइन डोक्यावर असताना फोन वाजला. तिचाच मेसेज. ‘‘ताई, आई विचारते आहे, कॉन्व्होकेशनला कोणतं लुगडं नेसू?’’