विटाळ नको, मेहरबानी नको. बाळंतिणीला विसावा हक्काचा हवा

"बाळंतिणीला सव्वा महिना विटाळ. चुलीला, पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही." हे वाक्य पिंपरी-चिंचवडच्या बौद्ध घरांतूनही अजून ऐकू येतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, पाचवीला सटवाई पुजणं केव्हाच बंद झालंय, पण विटाळ तेवढा मागे राहिलाय. आक्षेप घेतला की उत्तर ठरलेलं असतं, "विटाळ म्हणा नाहीतर काही म्हणा, त्या निमित्तानं बाईला आराम तर मिळतो ना!"

हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. मी स्वतः पाच महिन्यांच्या लेकीची आई आहे. पहिल्या महिन्यांत दिवस-रात्र असा फरकच उरत नाही. दर दोन तासांनी पाजायचं, टाके ओले असतात, पाठ धरते. अशा वेळी कुणी "पडून राहा" म्हटलं, तर त्यामागचं कारण तपासायचं त्राण अंगात नसतं. आरामाची गरज खरी आहे. वाद आहे तो हा आराम कोणत्या नावानं मिळतो याचा.

जन्माच्या सुतकाचे नियम मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहेत. बाप आंघोळ करून शुद्ध होतो, सुतक आईला लागतं. म्हणजे जिनं जीव दिला तीच अपवित्र. आणि ही अपवित्रता जातीपासून वेगळी काढता येत नाही. अनेक गावांत सुईणपण मांग-महार बायकांकडे होतं. नाळ त्यांनी कापायची, घाण त्यांनी काढायची. बाळंतिणीचा विटाळ काही दिवसांत फिटायचा, सुईणीचा मात्र जन्मात फिटायचा नाही. आणि ज्या आरामाचं कौतुक सांगितलं जातं, तो आपल्या आज्यांच्या वाट्याला कितीसा आला? पोर झाडाच्या झोळीत टाकून त्या खुरपायला गेल्या. मजुरीशिवाय चूल पेटत नव्हती, तिथे विटाळ पाळणार कोण?

आता तारखा बघा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्यानंतर सातच महिन्यांनी, २८ जुलै १९२८ ला, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बाळंतिणींच्या विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात देशाचं हित आहे, असं त्यांनी मांडलं. हा खर्च मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलावा, असंही ते म्हणाले. पण मालकाला त्यांनी सोडलं नाही. पुरुषाऐवजी बाई कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून त्यानंही वाटा उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. या दोन घटना मी एकत्र वाचते. आईला अपवित्र ठरवणारा ग्रंथ जाळायचा आणि तिच्या विसाव्याला कायद्याचा आधार द्यायचा, हे एकाच लढ्याचे दोन भाग आहेत. आपण पहिल्याची आठवण दरवर्षी जागवतो. दुसऱ्याची?

ती आठवण चाकणला हवी आहे. नांदेड, लातूर, बीड, वाशिमहून आलेल्या आपल्या मुली महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि ठेकेदाराच्या नावावर कंपनीत लाईनला उभ्या राहतात. पोट दिसायला लागलं की ठेकेदार 'ब्रेक' देतो. "बाळंतपण झालं की ये, बघू." बाळंतपणानंतर काहीजणी चाळीस दिवसांतच परततात. दूध भरून येतं, युनिफॉर्म भिजतो, बाथरूममध्ये जाऊन ते पिळून टाकावं लागतं. खोलीवर बाळ शेजारणीकडे, वरच्या दुधावर. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसाठी प्रत्येक वेळी खाडा. दवाखान्याच्या भिंतीवर मात्र लिहिलेलं असतं, सहा महिने फक्त आईचं दूध. ती पाटी वाचून अपराधी वाटतं ते आईला, ठेकेदाराला नाही.

मित्रांनो, कायदा काय म्हणतो ते पाठ करा. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा. २०१७ पूर्वी ती १२ आठवडे होती. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा. ५० कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक; त्यात पुरुषही मोजायचे, त्यामुळे "आमच्याकडे बायका कमीच" ही सबब चालत नाही. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तरी या तरतुदी कायम आहेत. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर हे पैसे ईएसआयकडून मिळतात. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते.

"पण ती कंत्राटी आहे" हे उत्तरही टिकत नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टरच्या खटल्यात त्याच न्यायालयानं म्हटलं की, कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ पूर्ण द्यावे लागतील. पोट दिसताच ब्रेक देण्याचा उद्देशच मुळात या हक्कातून निसटण्याचा आहे. म्हणून एकट्या मुलीनं भांडून भागणार नाही, मागे संघटना लागते.

इथे आपलं काम सुरू होतं. आपली कित्येक विहारं रविवारी वंदनेला उघडतात आणि आठवडाभर कुलूपबंद असतात. रविवारी वंदनेनंतर तासभर टेबल लावा. बायकांचे ईएसआय नंबर तपासा, पगाराच्या स्लिपा आणि गेटपासच्या प्रती जपून ठेवायला सांगा, ब्रेक दिल्याची तारीख लिहून घ्या, कामगार कार्यालयात अर्ज द्यायला सोबत जा. कुलूप काढून त्याच विहारात वस्तीचं पाळणाघर चालवता येईल का, याचाही विचार करा. हा 'बायकांचा विषय' म्हणून महिला आघाडीकडे ढकलू नका. बाबासाहेबांनी तो तसा ढकलला नव्हता.

आणि घरात विटाळाला थारा देऊ नका. सून माठाला शिवली तर पाणी बाटत नाही, हे आपल्याला चवदार तळ्यानं शिकवलंय. तिला आराम द्यायचा असेल तर सरळ म्हणा, "तू दमली आहेस, झोप. लंगोट मी धुतो." नऊ महिने पोट वाहिलेल्या बाईला झोपायला यापेक्षा मोठं कारण लागत नाही.

जयभीम!