ऋण काढून सण नको. पण सण मोडून ऋणही फिटत नाही



‘ऋण काढून सण करू नये’ ही म्हण आपल्याकडे पोराला चालायला लागल्यापासून शिकवतात. म्हण खरीच आहे. पण तिचा अर्थ आपण अर्धाच घेतला. कर्ज काढून सण करू नका, एवढंच ती सांगते. कर्ज आहे म्हणून सणच करू नका, असं ती कुठं म्हणते? तरी कर्जाचा बोजा वाढला की घरातला कर्ता पहिला हात घालतो तो चहा-साखरेवर, पोरांच्या खाऊवर आणि दिवाळीच्या कपड्यांवर. बायको माहेरी जायचं म्हणाली की ‘यंदा नको’. जत्रा आली की ‘पुढच्या साली बघू’. घर असं सुतकात बसल्यासारखं दोन वर्षं काढतं, आणि तिसऱ्या वर्षी मुलीच्या लग्नात चार गावं जेवू घालून नवं कर्ज डोक्यावर घेतं. मग त्या दोन वर्षांच्या उपासाचं फळ काय?

आपल्यावरचं कर्ज आलं कुठून, हे एकदा शांतपणे आठवून बघा. आठवडे बाजारातल्या पावशेर जिलेबीनं कुणाचं घर बुडालेलं नाही. कर्ज होतं ते लग्नातल्या मानपानानं, दवाखान्यानं, फेल गेलेल्या बोअरनं आणि एका हंगामाच्या नापिकीनं. रोग एका जागी आणि औषध दुसऱ्या जागी, असा हा प्रकार आहे. म्हणून आज थोडा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे तुम्ही घालून बघा.

समजा, एका घरावर सोसायटीचं ८०,००० रुपये पीककर्ज आहे. बायकोचे दागिने ५०,००० रुपयांना गहाण आहेत, व्याज वर्षाला १२ टक्के. गावातल्या एकाकडून ३०,००० रुपये घेतलेत, शेकडा ३ रुपये महिन्यानं. शिवाय किराणा दुकानाची उधारी १२,००० रुपये. आता तगादा कोण जास्त लावतो? दुकानदार. रोज तोंड दिसतं, म्हणून त्याचे आधी देतो आपण. पण त्याला व्याज नाही. शेकडा ३ म्हणजे ऐकायला तीनच रुपये. वर्षाचे होतात ३६ टक्के. त्या ३०,००० ला महिन्याला ९०० आणि वर्षाला १०,८०० रुपये नुसतं व्याज. मुद्दल जिथल्या तिथं. दागिन्यांचे वर्षाला आणखी ६,०००. असे १६,८०० रुपये दरवर्षी घरातून जातात, आणि कर्ज एका रुपयानंही कमी होत नाही.

दुसऱ्या बाजूला घराच्या आनंदाचा हिशेब धरा. दिवाळीचा फराळ आणि पोरांचे कपडे मिळून ६,०००. गावची जत्रा २,०००. दर बाजारी ५० रुपयांचा खाऊ, वर्षाचे २,६००. बेरीज झाली १०,६००. म्हणजे त्या शेकडा ३ वाल्याच्या एका वर्षाच्या व्याजात घराची दिवाळी, जत्रा आणि बावन्न बाजार सगळं बसतं, आणि वर २०० रुपये उरतात! काटायचं ते हे व्याज. पोराच्या हातातली भेळ नव्हे.

आता फेड कोणत्या क्रमानं करायची? पहिला नंबर सोसायटीचा. तुम्ही म्हणाल, तिचं व्याज तर सगळ्यांत कमी. बरोबर, आणि म्हणूनच. राज्यात २०२१-२२ पासून ३ लाख रुपयांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. तारीख चुकली की सवलत गेली, खातं थकीत गेलं, आणि पुढच्या पेरणीला नवं कर्ज नाही. मग बी-खतासाठी पुन्हा शेकडा ३ वाल्याचाच उंबरा.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोललं पाहिजे. मार्च आला की ‘नवं-जुनं’ करायला आठ दिवसांसाठी बाहेरून पैसे उचलायची पद्धत गावोगाव आहे. आठ दिवसांसाठी घेतले तरी घेणारा महिन्याचं व्याज लावतो. ८०,००० चे २,४०० रुपये झाले. शून्य टक्क्याचं कर्ज असं घरी येईपर्यंत ३ टक्क्यांचं होतं. त्यापेक्षा सोयाबीन, कापूस, तूर विकून अडत्याची पट्टी हातात पडली की त्याच दिवशी सोसायटीचा वाटा बाजूला काढा. घरी आणून मग बघू म्हटलं तर बघायला काही उरत नाही.

दुसरा नंबर जास्त व्याजाच्या कर्जाचा. पट्टीतून एकदा १५,००० रुपये मुद्दलात द्या. महिन्याचं व्याज ९०० वरून ४५० वर येईल. मग दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातून ७०० रुपये, म्हणजे महिन्याला २,१०० देत गेलात, तर नऊ महिन्यांत तो माणूस तुमच्या दारातून कायमचा जातो. अट एकच: दिलेला पैसा मुद्दलातून वजा झाला पाहिजे आणि तसं लिहून घेतलं पाहिजे. तोंडी हिशेबात देणारा नेहमी हरतो. त्यानंतर तेच २,१०० दागिन्यांकडे वळवा. दुकानदाराला मात्र अंधारात ठेवू नका. ‘महिन्याला ५०० देईन आणि नवा माल रोखीनं नेईन’ असं सांगा आणि तसं वागा. शब्द पाळणाऱ्याला कुठलाही दुकानदार सांभाळून घेतो.

आणि या सगळ्यात सणाचा डबा वेगळा ठेवा. दुधाच्या प्रत्येक बिलातून ३०० रुपये त्यात पडले की वर्षाचे जवळपास १०,८०० होतात. हा डबा घरच्या कारभारणीच्या हातात द्या, आणि कर्जाच्या हप्त्यालाही त्यातले काढू नका. कुणी म्हणेल, हे ३०० पण कर्जातच घाला की, लवकर फिटेल. कागदावर फिटेल हो. पण दोन-तीन वर्षं चालणारी फेड माणसांनी करायची असते. घरात सगळ्यांना ती शिक्षा वाटली, तर कुणीतरी कंटाळतो. थोरला पोरगा हप्त्यानं मोटारसायकल आणतो, नाही तर कर्ता संध्याकाळी गुत्त्याकडे वळतो. पोळ्याला बैलाच्या अंगावर झूल पडली, घरात पुरणाची पोळी झाली, तर दुसऱ्या दिवशी मळ्यात जायला पाय जड होत नाहीत. खचलेल्या घरात माणूस एकटा पडतो, आणि एकटा पडलेला माणूस काय करून बसतो, हे आपण गावोगाव पाहिलं आहे. म्हणून कर्जाचा आकडा बायको-मुलांपासून लपवू नका. चौघांनी वाटून घेतलेलं ओझं हलकं होतं.

काटकसर करायची तर मोठ्या खर्चात करा. लग्नात एक पंगत कमी करा, मानपानाचे आहेर बंद करा, बँडबाजा आवरा, सामुदायिक विवाहात जायला लाजू नका. दवाखान्यासाठी पैसे उचलण्यापूर्वी योजनेतल्या रुग्णालयाची चौकशी करा. २०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावानं चालणारी जनआरोग्य योजना याच कामासाठी आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.

कर्जमाफीची वाट बघत बसणाऱ्यांनाही दोन शब्द. २००८, २०१७ आणि २०१९ साली माफी झाली हे खरं. पण ती होती बँक-सोसायटीच्या शेतीकर्जाला, आणि प्रत्येकीला तारखांच्या आणि रकमेच्या अटी होत्या. हातउसने आणि दुकानाची उधारी त्यात बसत नाही. माफी आली तर घ्या. पण तिच्या भरवशावर घर चालवू नका.

आता गावच्या अधिकारी-पदाधिकाऱ्यांना विनंती. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतं जाळली, तेव्हा सरकारला १८७९ मध्ये कायदा करावा लागला. आज महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकारीपोटी १५ वर्षांच्या आत लिहून घेतलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. हे किती खातेदारांना माहीत आहे? ग्रामसेवकांनी हे ग्रामसभेत वाचून दाखवावं. गटसचिवांनी प्रत्येक सभासदाची बाकी आणि मुदतीची तारीख पीक निघण्याआधी घरपोच कळवावी. मार्चमध्ये नोटीस काढून काय उपयोग? सरपंचांनी लग्नातल्या खर्चाबद्दल ठराव करावा आणि पहिल्यांदा तो स्वतःच्या घरी पाळावा. मोठ्या घरानं पंगत आवरली की लहान घराची लाज जाते.

बंधूंनो, येत्या बाजारच्या दिवशी एक वही आणा. एका पानावर कुणाचं किती देणं, कोणत्या व्याजानं, ते लिहा. दुसऱ्या पानावर वर्षातले सण लिहा. दोन्ही पानं घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. पहिल्या पानावरची एकेक ओळ खोडत जायची आहे. दुसऱ्या पानावरची एकही खोडायची नाही.