आधी कान तपासा

‘वय झालं, विसरायचंच,’ म्हणून आपण विषय मिटवतो. पण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाच्या मते स्मृतिभ्रंशाची जवळपास ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील. धोक्याच्या १४ घटकांत बहिरेपणा ठळक आहे. ऐकू न येणारा माणूस गप्पांत नुसती मान डोलावतो, मग हळूहळू गप्पांतूनच उठतो. मेंदूचे खाद्य इथेच तुटत असावे. श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतो हे सिद्ध झालेले नाही, हा आक्षेप रास्तच. २०२३ च्या अमेरिकी चाचणीत सरसकट फरक दिसला नाही. मात्र जास्त धोका असलेल्या वृद्धांत तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मला एवढा आधार पुरेसा वाटतो, कारण नीट ऐकू येण्याचा लाभ तर हातचाच आहे. चष्म्याची लाज वाटत नाही, मग यंत्र कपाटात का? घरातल्या ज्येष्ठांचे कान याच महिन्यात तपासून घ्या.