अनुराधपूर ते कँडी : घाई न करता पाहिलेली नगरे

परदेश प्रवास हे शब्द काढले की आपल्या वस्तीत दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले, "ती श्रीमंतांची चैन, आपल्याला काय करायची आहे?" आणि दुसरे, "जायचेच तर एका खेपेत सगळे उरकून या, पैसे वसूल झाले पाहिजेत." आमच्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ज्या माणसाने उभा जन्म घड्याळाकडे पाहत हजेरी लावली आणि ज्या बाईने पहाटे उठून नळावर हंडे लावले, त्या दोघांना आठ दिवस निवांतपणे जग पाहण्याचा हक्क आहे. शिवाय जुनी नगरे धावत पाहून कळत नाहीत. तिथे थांबावे लागते, बसावे लागते आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारावे लागतात.

आम्ही उभयतांनी दोन वर्षे भिशीत पैसे टाकले आणि श्रीलंकेला गेलो. कटुनायके विमानतळावर उतरल्यावर चालकासह एक लहान गाडी आठ दिवसांसाठी ठरवली. तिथे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. अनुराधपूर, पोलोन्नरुवा, सिगिरिया, दंबुल्ला आणि कँडी असा मार्ग आखला. एका दिवसात एकच गाव, दुपारच्या उन्हात विश्रांती आणि वाटेत तलाव दिसला की गाडी थांबवायची, एवढेच नियम ठेवले. चालक पोरसवदा होता. त्याला आम्ही तिकडच्या रीतीप्रमाणे 'मल्ली' म्हणजे धाकटा भाऊ म्हणू लागलो. तो रोज सकाळी हात जोडून 'आयुबोवन' म्हणे. दीर्घायुषी व्हा, असा त्याचा अर्थ. आपण एकमेकांना आयुष्मान, आयुष्मती म्हणतो, त्याचेच हे भावंड!

या वाटेने आपल्या आधी एक दांपत्य जाऊन आले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५० सालच्या मे महिन्यात परमपूज्य बाबासाहेब माईसाहेबांसह श्रीलंकेला गेले होते. जागतिक बौद्ध परिषदेचे निमित्त होते, पण बौद्ध समाजाचा आचार आणि विधी प्रत्यक्ष कसे चालतात हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. त्यानंतर सहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. म्हणजे आधी पाहणे, तपासणे आणि मग स्वीकारणे. आम्हीही तीच रीत धरायचे ठरवले.

अनुराधपूरला जाताना थोडी वाकडी वाट करून कलावेव हा तलाव पाहिला. 'वेव' म्हणजे तलाव. इसवी सनाच्या पाचव्या शतकात धातुसेन राजाने तो बांधवला. तेथून निघालेला सुमारे ८७ किलोमीटरचा कालवा अनुराधपूरच्या तिस्सवेव तलावापर्यंत पाणी नेतो. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात उतार किती असावा? एका किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर! दीड हजार वर्षांपूर्वी हे मोजले कसे असेल, याचा विचार करीत आम्ही बांधावर तासभर बसलो.

संध्याकाळी तिस्सवेवच्या काठी माणसे अंघोळ करीत होती, बाया कपडे धूत होत्या, पोरे डुंबत होती. आमच्या आयुष्मती पाण्यात पाय सोडून बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, इथं कुणी कुणाला विचारत नाही, तू कुठला म्हणून." आम्हाला महाड आठवले. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव कागदावर असूनही २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाण्यासाठी आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला होता. आपल्या लोकांना तलावाची शोभा नुसती शोभा म्हणून दिसत नाही, ती अशी दिसते.

अनुराधपुरात महाबोधी वृक्ष आहे. सम्राट अशोकाची कन्या थेरी संघमित्रा हिने बुद्धगयेहून फांदी आणली आणि ती येथे लावली गेली, अशी परंपरा आहे. दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष याच वृक्षाच्या वंशातला. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्याची रोपे श्रीलंकेतून आणली. म्हणजे एक बाई समुद्र ओलांडून जे घेऊन गेली, ते बावीस शतकांनी आपल्या घरी परत आले. जवळच जेतवन स्तूप आहे. तो मूळचा १२२ मीटर उंच होता आणि सगळा भाजक्या विटांचा. आम्ही त्याला सावकाश प्रदक्षिणा घातली. आयुष्मती वीट न् वीट पाहत होत्या. त्यांचे वडील वीटभट्टीवर होते. "या कुणी भाजल्या असतील, त्यांचं नाव कुठं लिहिलंय का?" असे त्यांनी विचारले. नाव राजा महासेनाचे आहे.

दुसऱ्या दिवशी मिहिंतले. अशोकपुत्र महिंद थेर आणि देवानंपिय तिस्स राजा यांची भेट या टेकडीवर झाली. वर जायला १८४० पायऱ्या आहेत. बहुतेक लोक थेट वर जातात, पण पायथ्याशी नवव्या शतकातील रुग्णालयाचे अवशेष आहेत, ते चुकवू नयेत. माणूस मावेल अशा आकारात कोरलेले दगडी पात्र तिथे आहे. औषधी तेलात वा काढ्यात रुग्णाला त्यात निजवीत. विहाराच्या शेजारी दवाखाना! आपल्या गावोगावच्या विहार समित्यांनी हे लक्षात घ्यावे. मूर्तीसाठी वर्गणी निघते, मग आठवड्यातून एकदा डॉक्टर बसवण्यासाठी का निघू नये?

पोलोन्नरुवात अवशेष पाहण्यासाठी भाड्याने सायकली मिळतात. आयुष्मतींनी शाळा सुटल्यानंतर प्रथमच सायकलवर पाय टाकला. दोनदा डगमगल्या, मग आमच्या पुढे निघून गेल्या. गल विहारात एकाच खडकातून कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. त्यांतली महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे. डोक्याखालची दगडी उशी डोक्याच्या भाराने दबलेली दाखवली आहे. ते पाहायला तिथे बसायला हवे. आमच्यासमोर आलेली एक सहल फोटो काढून पाच मिनिटांत निघून गेली.

या नगराला पाणी देणारा तलाव इतका मोठा आहे की त्याला समुद्रच म्हणतात, पराक्रम समुद्र. बाराव्या शतकातील पराक्रमबाहू राजाचे धोरण होते की पावसाचे पाणी लोकांच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळू द्यायचे नाही. धोरण थोरच! पण आयुष्मतींचा प्रश्न तयार होता, "खणला कुणी?" याचे उत्तर तितके गोड नाही. त्या देशात राजकारिय नावाची पद्धत होती. राजाच्या कामासाठी प्रजेने श्रम द्यायचे, आणि कुणी कोणते काम करायचे ते पुढे जातीवर ठरत गेले. इंग्रज अमदानीत, १८३० नंतरच्या सुधारणांत, ती रद्द झाली. वेठबिगार आपल्याला नवी नाही. म्हणून तलावाला वंदन करताना खणणाऱ्यालाही करावे.

सिगिरियाच्या खडकावर काश्यप राजाचा पाचव्या शतकातील महाल होता. आमचे गुडघे कुरकुरू लागले, म्हणून आम्ही सिंहाच्या पंजापर्यंत चढून तिथेच बसलो. कुणी पाठीमागे लागलेले नव्हते. वाटेत एक गुळगुळीत भिंत आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी आलेल्या प्रवाशांनी तिच्यावर आपल्या ओळी कोरून ठेवल्या आहेत. डॉ. परणवितान यांनी त्यांतील ६८५ लेख वाचून १९५६ साली प्रसिद्ध केले. लिहिणाऱ्यांत भिक्खू आहेत, शिपाई आहेत, स्त्रियाही आहेत. म्हणजे सामान्य माणसाने सहलीला जाणे ही आजची चैन नव्हे! (आता मात्र भिंतीला हात लावायला सक्त मनाई आहे.)

दंबुल्लाची लेणी आपल्याला घरची वाटतील. पण या गावाची आणखी एक ओळख आहे. संघमित्रेने नेलेला भिक्खुणी संघ त्या देशात जवळजवळ हजार वर्षे खंडित होता. १९९८ साली दंबुल्ला येथे भिक्खुणींना पुन्हा उपसंपदा देण्यात आली. सर्व निकायांनी ती अजून मान्य केलेली नाही, तरी काम थांबलेले नाही. हे ऐकून आयुष्मतींनी लेण्यांपेक्षा अधिक प्रश्न या विषयावर विचारले.

शेवटी कँडी. हे डोंगरातले राज्य १८१५ पर्यंत इंग्रजांच्या पूर्ण ताब्यात गेले नव्हते. दंतधातूच्या विहारात संध्याकाळी ढोल वाजतात, पांढऱ्या वस्त्रांतली कुटुंबे कमळे घेऊन शांतपणे रांगेत उभी असतात. मन भरून येते. पण याच नगरात आमचा सर्वांत कठीण प्रश्न उभा राहिला. संघाची परंपरा खंडित झाली तेव्हा १७५३ साली सयामहून उपाली नावाचे थेर आले आणि त्यांनी येथे उपसंपदा दिली. त्यातून सयाम निकाय उभा राहिला. थोड्याच वर्षांत त्याचे दार गोविगम या वरच्या मानलेल्या जातीपुरतेच उघडे राहिले. आता पाहा, तथागतांच्या संघातले उपाली कोण होते? शाक्यांचे न्हावी! शाक्य कुमारांच्या आधी त्यांना दीक्षा दिली गेली, कारण कुमारांनी त्यांना वंदन करावे आणि त्यांचा अभिमान गळावा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही दीक्षा मुद्दाम सांगितली आहे. त्याच नावाच्या थेरांनी लावलेल्या परंपरेत जात शिरली! ज्यांना दार बंद झाले, ते रडत बसले नाहीत. दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतले भिक्खू ब्रह्मदेशातील अमरपूरला गेले, उपसंपदा घेतली आणि १८०३ साली परत येऊन त्यांनी आपला निकाय उभा केला.

यावरून कुणी श्रीलंकेला नावे ठेवू नयेत. आपल्या घरी पोटजात पाहून सोयरीक जमवणारे अजून आहेत. बौद्ध म्हणवणाऱ्या समाजातही जात मागच्या दाराने येते, ती रोज हाकलावी लागते, एवढा धडा आम्ही कँडीहून आणला. स्तूपाच्या छायाचित्रापेक्षा तो जास्त उपयोगाचा आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पासपोर्ट आधी काढून ठेवा. प्रवासाचा परवाना इंटरनेटवरून मिळतो, पण नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी खात्री करा. सोबत पांढरे, अंगभर कपडे घ्या. विहारात चपला आणि टोपी बाहेर ठेवा, बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नका. दर पौर्णिमेला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, तो दिवस विहारात काढा. चार कुटुंबे मिळून गेलात तर खर्च हलका होईल. पण जोडप्याने जाता आले तर जरूर जा. वर्षानुवर्षे एकमेकांशी फक्त रेशन, फी आणि औषध यांवर बोलणाऱ्या नवराबायकोला बोलायला दुसरे विषय मिळतात, हा लाभ लहान नाही. आणि जिथे जाल तिथे आयुष्मतींचा प्रश्न विचारायला विसरू नका : हे कुणी बांधले, आणि कुणासाठी?

जयभीम!