सुटींतील पायपीट : नाणेघाटांतील नांवें

नवरात्राचे घट उठले, पावसानें पाठ फिरविली आणि पहाटेच्या वाऱ्यास थोडी शिरशिरी आली, म्हणजे 'यंदा मुलांस घेऊन कोठें जावें?' अशी पृच्छा वाचकांकडून होऊं लागते. शिवनेरीविषयीं आम्हीं या सदरांत लिहिलें, लेण्याद्रीविषयीं लिहिलें. परंतु त्यांच्याच शेजारच्या नाणेघाटाविषयीं आजवर एक अक्षरहि लिहिलें नाहीं. तें कां, हें आज सांगणें प्राप्त आहे. सांगतांना लेखणी थोडी अडखळते, हेंहि प्रथमच कबूल केलेलें बरें.

आमची धाकटी नात नववींत शिकते. एके दिवशीं जेवतांना तिनें विचारलें, "आजोबा, तुम्हीं शाळेच्या इतक्या सहली नेल्या, मग नाणेघाट कसा राहिला?" आम्ही ताकाचा भुरका घेत वेळ मारून नेली. तेवढ्यांत थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुमचे गुडघे देव्हाऱ्यापुढें बसतांना कुरकुरतात. आणि पोरीला घेऊन त्या रानांत कशाला जायचें?" वहिनींचा शब्द आमच्या घरांत सहसा मोडत नाहींत. खरें सांगावयाचें तर त्यांची हरकत ऐकून आम्हांस मनांतून हायसेंच वाटलें. परंतु पोर कांहीं न बोलतां ताटावरून उठली, तें मात्र मनास लागलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं वहिनींची समजूत घातली आणि येत्या रविवारीं निघावयाचें ठरलें.

जुन्नराहून पश्चिमेस सुमारें ३० किलोमीटरांवर घाटघर हें डोंगरांतलें लहानसें गांव आहे. पुढें घाटमाथ्यापर्यंत सडक गेलेली असल्यामुळें वयस्करांसहि तेथवर जाणें अवघड नाहीं. वाटेंत दोहों बाजूंस पिकूं लागलेलीं भातखाचरें, त्यांच्या बांधांवर हिरड्याचीं झाडें आणि उघड्या पठारावर सोनकीच्या फुलांचा पिवळा पट्टा, असा थाट होता. या भागांतील महादेव कोळी लोकांस हिरड्याचा मोठा आधार आहे. कोंवळीं फळें वेंचून, वाळवून विकावयाचीं, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा उद्योग. उजाड दिसणारा डोंगर माणसास कसा पोसतो, हें मुलांस पुस्तकापेक्षां अशा एका झाडाखालीं लवकर समजतें.

डावीकडे जीवधन किल्ला उभा होता. त्याच्या कड्याजवळ निराळा राहिलेला वानरलिंगी नांवाचा सुळका पाहून नातीनें 'हा कोणीं उभा केला?' असें विचारलें. आम्हीं सांगितलें कीं, सह्याद्रीचा हा सर्व पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखींच्या रसाचा, थरावर थर सांचून झालेला आहे. ऊन, वारा व पाऊस यांनीं भेगांच्या आसपासचा भाग झिजवून नेला आणि टणक तेवढा उरला, तोच हा सुळका. किल्ल्याच्या तुटक्या पायऱ्यांची गोष्ट मात्र अलीकडची. १८१८ सालीं इंग्रजांनीं सुरुंग लावून त्या वाटा उडविल्या.

घाटाच्या तोंडाशीं दगडी रांजण आहे. येथून जाणाऱ्या मालावरील जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत आणि त्यावरूनच घाटास हें नांव पडलें, असें लोक मानतात. सोपारा व कल्याण या बंदरांतील माल बैलांच्या व गाढवांच्या पाठीवरून याच खिंडींतून जुन्नरास आणि तेथून पैठणास जात असे. पलीकडे कोंकण एकदम खालीं कोसळलेलें दिसतें. भर पावसाळ्यांत दरींतून वर येणारा वारा इतका जोराचा असतो कीं, कड्यावरून पडणारें पाणी तो उलट वर फेंकतो. आम्ही गेलों तेव्हां वारा शांत होता. माथ्यावरून खिंडींत थोड्या पायऱ्या उतरतांच लेणें लागतें. गुडघ्यांनीं तेवढी कृपा केली.

लेणें साधेंच आहे. चौकोनी दालन, तीन बाजूंस दगडी बाक, आणि डाव्या-उजव्या भिंतींवर मिळून सुमारें वीस ओळींचा लेख. लिपि ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या तो १८२८ सालीं दृष्टीस पडला. पुढें भगवानलाल इंद्रजी यांनीं त्यावर परिश्रम केले, आणि ब्यूलर या जर्मन पंडितानें १८८३ सालीं त्याचें भाषांतर प्रसिद्ध केलें.

आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य, आणि यम, वरुण, कुबेर व वासव हे चार लोकपाल यांस वंदन आहे. पुढें सातवाहन राजा पहिला सातकर्णि याची राणी नागनिका हिचें वर्णन येतें. पतीच्या पश्चात् ती महिना महिना उपवास करणारी, घरांत राहूनहि तपस्विनीप्रमाणें वागणारी, व्रतांत व यज्ञकर्मांत निपुण, अशी होती. त्यानंतर अग्न्याधेय, राजसूय, दोनदां केलेला अश्वमेध, गर्गत्रिरात्र, आप्तोर्याम अशी यज्ञांची मालिका, आणि प्रत्येक यज्ञांत काय दिलें त्याचा चोख हिशेब. कोठें १०,००१ गाई, कोठें २४,४०० कार्षापण. हे आंकडे भारतांतील अत्यंत जुन्या अंकांपैकीं आहेत. त्यांत शून्य नाहीं. दहास, शंभरास, हजारास स्वतंत्र चिन्ह. हजाराच्या चिन्हास चाराचें चिन्ह जोडलें कीं चार हजार. नातीनें वहीवर हीं चिन्हें उतरून घेतलीं आणि शून्यावांचून बेरीज कशी मांडावयाची याच्या खटपटींत ती पार बुडून गेली.

समोरच्या भिंतीवर एके काळीं राजघराण्याच्या मूर्ति कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, राणी व सातकर्णि, कुमार, महारठी अशीं नांवें वरती कोरलेलीं आहेत. मूर्ति नाहींशा झाल्या. पावलांच्या खुणा तेवढ्या कोठें कोठें उरल्या. नात म्हणाली, "माणसें गेलीं आणि नांवें राहिलीं." आम्हीं मान डोलावली, पण आमचें लक्ष बाहेरच्या पाण्याच्या टाक्याकडे होतें.

व्हावयाचें तें झालेंच. टाक्याच्या कांठावर कोणी कोणी खरवडलेलीं नांवें ती वाचूं लागली आणि एकाएकीं हंसून ओरडली, "आजोबा, आपल्याच आडनांवाचा कोणी मूर्ख इथें येऊन गेलेला दिसतो! १९७५ सालीं!"

वाचकहो, तो मूर्ख आम्हीच. मॅट्रिकचा निकाल लागला त्या वर्षीं एका मित्राबरोबर आम्ही वैशाखऱ्याकडून हा घाट चढून आलों होतों. अंगांत उत्तीर्ण झाल्याची धुंदी होती आणि खिशांत एक मोठा खिळा होता. दगडानें तो ठोकीत पाऊण तास खपून आम्हीं आपली कीर्ति अजरामर करून ठेविली. पुढें शिक्षक झालों. बांकावर नांव कोरणाऱ्या कित्येक मुलांस आम्हीं वर्गाबाहेर उभें केलें. आणि सहलीचा विषय निघाला कीं नाणेघाट तेवढा टाळला.

आतांहि टाळतां आलें असतें. आमचें आडनांव कांहीं दुर्मिळ नाहीं. आम्हीं 'असेल कोणी' एवढेंच म्हटलें आणि काठी टेकीत वर निघालों. मात्र त्या दहा-पंधरा पायऱ्या आम्हांस जितक्या जड गेल्या, तितकी पूर्वीं कोणतीहि चढण गेली नव्हती.

दुपारीं घाटघरांत एका वृद्ध शेतकऱ्याच्या ओसरीवर नाचणीची भाकरी, पिठलें आणि ठेचा असें जेवण झालें. नात यजमानांस राणीच्या गाईंचा हिशेब उत्साहानें सांगत होती. मध्येंच ती म्हणाली, "आणि बाहेर लोकांनीं आपलींच नांवें खरडून ठेवलीं आहेत." तेव्हां आम्हांस राहवेना. आम्हीं म्हटलें, "बाळ, तें १९७५ चें नांव माझें आहे."

ती कांहीं बोलली नाहीं. हातांतली भाकरी तिनें ताटांत ठेविली. बराच वेळ कोणीच बोललें नाहीं. मग यजमान तंबाखू मळीत शांतपणें म्हणाले, "मास्तर, टाकं ज्यानं खोदलं त्याचं नाव न्हाई तिथं. पानी पिनाऱ्याचंच हाय."

पन्नास वर्षें संस्कृत ग्रंथ वाचून जें आम्हांस नीट सांगतां आलें नसतें, तें त्या गृहस्थानें दोन वाक्यांत सांगितलें. राणीनें नांवें कोरविलीं खरीं. पण त्यांच्या शेजारीं कोणास काय दिलें याचा हिशेब आहे. आमच्या नांवाशेजारीं सालापलीकडे कांहींच नव्हतें.

परततांना गाडींत नातीनें हळूच विचारलें, "तें आतां पुसतां नाहीं का येणार?" आम्हीं म्हटलें, "नाहीं. घांसूं गेलों तर दगडास दुसरी जखम होईल. अशा ठिकाणीं जाणत्या माणसांवांचून कोणीं हात लावूं नये." संरक्षित प्राचीन स्मारकास अपाय करणें हा १९५८ च्या कायद्यानें गुन्हा आहे, हेंहि तिला सांगितलें. थोड्या वेळानें ती म्हणाली, "मग निदान सगळ्यांना सांगा तरी." आणि तिनें आमचा हात हातांत घेतला. हा लेख तिच्या आज्ञेनें लिहिला आहे. घरीं आल्यावर वहिनींनाहि सर्व सांगितलें. त्या म्हणाल्या, "बरें झालें पोरीला नेलेंत तें." आमच्या गुडघ्यांचें नांव त्यांनीं पुन्हां काढलें नाहीं.

ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं कार्तिक ते माघ हे दिवस साधावे. वयस्करांनीं घाटघराकडून जावें. धट्ट्याकट्ट्या मुलांनीं वैशाखऱ्याकडून जुन्या फरसबंद वाटेनें चढावें. प्यावयाचें पाणी बरोबर असावें. लेखास हात लावूं नये. ब्राह्मी अंकांचा एक तक्ता मात्र जवळ ठेवावा, म्हणजे मुलें तासभर तेथून हलत नाहींत. वही आणि शिसपेन्सिल अवश्य न्यावी. निघण्यापूर्वीं मात्र मुलांचे खिसे एकदां तपासावे, आणि वडीलधाऱ्यांनीं आपलेहि.

पुढल्या महिन्यांत आमच्या जुन्या शाळेची सहल नाणेघाटास जावयाची आहे. हेडमास्तरांनीं आम्हांस बरोबर बोलाविलें आहे. लेणें दाखवून झालें कीं मुलांस टाक्यापाशीं न्यावयाचें आणि तें नांव आम्हीं स्वतःच त्यांस वाचून दाखवावयाचें, असें ठरविलें आहे.