ना लाळ्या-खुरकूत, ना टोमॅटोचा दोष : लेकरांच्या तोंडातले फोड आणि आपली घाई

धायरी : आधी दोन दिवस ताप, मग तोंडात फोड, तळहात-तळपायावर लाल पुरळ. पावसाळा आला की पाच वर्षांखालच्या पोरांत हे दिसतं. ‘हँड, फूट अँड माउथ’ असं त्याचं नाव. नाव ऐकून गोठेवाल्यांच्या पोटात गोळा येतो. पण जनावरांच्या लाळ्या-खुरकुताचा विषाणू वेगळा. तो गोठ्यातून लेकराला होत नाही. खुरकुताची लस जनावराला वर्षातून दोनदा टोचतात. लेकरांच्या या आजारावर मात्र आपल्याकडे लस नाही.

मे २०२२ मध्ये केरळच्या कोल्लम जिल्ह्यात अशीच साथ आली. लाल फोडांवरून ‘टोमॅटो फ्लू’ नाव पडलं. टोमॅटोचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

धायरीत भीती जास्त, त्याला कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण सापडले, तेव्हापासून ताप म्हटलं की घर हादरतं. हा आजार तो नव्हे. बहुतेक पोरं सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होतात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी तेच मागणारे पालक कमी नाहीत.

खरा धोका पाण्याचा. तोंड दुखतं म्हणून पोर पीत नाही आणि अंगातलं पाणी कमी होतं. गार दूध, ताक, पातळ खिचडी, ओआरएस थोडं थोडं देत राहा. तिखट-आंबट नको. अ‍ॅस्पिरिन तर नकोच. सात-आठ तास लघवी नाही, ताप तीन दिवसांपुढे गेला, सारख्या उलट्या, झोपेत दचकणं, चालताना तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

आता मूळ दुखणं. २०१७ मध्ये धायरीचा उरलेला भागही महापालिकेत गेला. घरं वाढली, आई-बाप दोघं कामावर. रजा मिळत नाही म्हणून तापाचं औषध पाजून पोर पाळणाघरात सोडतात. एका पोराचं दहा पोरांना होतं. केंद्राच्या २०२२ च्या सूचनेत पाच ते सात दिवस पोराला वेगळं ठेवायला सांगितलं होतं. ते पाळायचं तर आई-बापाला रजा मिळाली पाहिजे आणि बालवाडीनंही आजारी पोर दारातूनच परत पाठवलं पाहिजे.

लंगोट बदलल्यावर हात साबणानं धुवा; पोर बरं झाल्यावरही काही आठवडे विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो. नुसत्या सॅनिटायझरवर भागत नाही.